रंगाचं सांडपाणी साफ करायला सर्फॅक्टंट (साबणासारखी वस्तू) घालून चालणारं यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, बारीक चाळणीचं फिल्टर) मशीन आठ दिवस भाड्यानं आणलं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी अडीच)

आधी आम्ही कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कुठला शास्त्रज्ञ आला. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं यार्न डाइंग युनिट आहे, टॉवेल आणि चादरीचं सूत रंगवतो, जास्त करून रिअ‍ॅक्टिव्ह रंग. मी बीएस्सी केमिस्ट्री करून वडिलांच्या धंद्यात बसलो आणि घरात दुसरं कोणी केमिस्ट्री शिकलेलं नसल्यामुळं ईटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. त्यामुळं हा रिव्ह्यू एका डाइंगवाल्याचा आहे, मशीन विकणाऱ्याचा नाही आणि प्रोफेसरचा तर अजिबात नाही.

मशीन का आणलं? रंग. डाइंगवाल्यांना वेगळं सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगतो, रिअ‍ॅक्टिव्ह रंग कधीच शंभर टक्के धाग्याला लागत नाही, त्यातला बराच रंग पाण्याशीच रिअ‍ॅक्ट होऊन बसतो आणि एकदा तसं झालं की तो धागा धरतच नाही, थेट गटारात. काळा, नेव्ही, मरून असे गडद शेड असले की तर विचारूच नका. आम्ही वर्षानुवर्षं फेरस (हिराकस) आणि चुना टाकून तो खाली बसवतो, वर पॉली (गाळ गोळा करणारं पॉलिमर) टाकतो, मग फिल्टर प्रेस, आणि मग त्या गाळाच्या वड्या पोत्यात भरून डिस्पोझलची गाडी येईपर्यंत शेडमध्ये रचून ठेवायच्या. रंग जातो पण गाळ वाढतो. आणि प्रदूषण बोर्डाचं लिमिट तुम्हाला माहितीच असेल, नदीनाल्यात सोडायचं तर सीओडी (पाण्यातली घाण केमिकलनं जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी (तीच घाण जंतूंना खायला लागणारा ऑक्सिजन) ३० च्या आत. सीओडी कसाबसा जमवला तरी पाण्याला गुलाबी झाक राहिली की बघणारा आधी तेच बघतो, रिपोर्ट नंतर.

अशात पुण्याकडच्या एका कंपनीचा माणूस ब्रोशर घेऊन आला. नाव लिहीत नाही, एक तर माझं डिपॉझिट अजून त्यांच्याकडं आहे आणि दुसरं म्हणजे असली मशीन देणारे इतरही आहेत, सगळ्यांचं थोडंफार असंच असणार. त्यांचं म्हणणं, गाळ नाही, फेरस नाही, चुना नाही, सर्फॅक्टंट टाका आणि अल्ट्राफिल्ट्रेशनमधून काढा, रंग अडकतो, पाणी खाली येतं. आधी भाड्यानं घेऊन बघा, आवडलं तर घ्या. मला भाड्याची आयडिया आवडली. यासाठी त्यांना अर्धा स्टार जास्त दिलाय, कारण आमच्या धंद्यात बहुतेक लोक ट्रायल न देता आधी अ‍ॅडव्हान्स मागतात.

आता हे चालतं कसं ते थोडं सांगावंच लागेल, नाहीतर पुढची तक्रार कळणार नाही. आपल्या घरी जे यूएफवालं फिल्टर असतं ना, त्यातून कोकम सरबत ओतून बघा, खाली कोकम सरबतच येईल. गढूळपणा अडेल, जंतू अडतील, पण पाण्यात विरघळलेली वस्तू यूएफला दिसतच नाही. आमच्या काळ्या रंगाचा, म्हणजे जो सगळे वापरतात तो रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५, त्याचा मॉलिक्यूल हजार डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे मॉलिक्यूलचं वजन मोजायचं एकक) आसपास, आणि आणलेल्या मेम्ब्रेनची चाळण १०,००० डाल्टनची. म्हणजे ज्वारीच्या चाळणीतून रवा. आरओमध्ये अडेल, पण आरओचं प्रेशर, त्याचं वीजबिल आणि त्याची नाजूक तब्येत आमच्यासारख्या रंगाच्या पाण्याला परवडत नाही.

मग इथं साबण येतो. सर्फॅक्टंट म्हणजे साबणाचाच भाऊबंद, एक टोक पाण्याला चिकटणारं, दुसरं टोक तेलकट. पाण्यात थोडासा टाकला तर सुटासुटा फिरतो, एका हद्दीच्या पुढं टाकला की ते साठ-शंभर जण एकत्र येऊन गोळा करतात, तेलकट शेपट्या आत, डोकी बाहेर. त्याला मायसेल म्हणतात. आम्ही पंढरपूरच्या जवळचे म्हणून मला दिंडी आठवते. सुटा वारकरी अरुंद दारातून आरामात निघून जाईल, पण अख्खी दिंडी हातात हात धरून आली तर दारात अडणारच. रंग या दिंडीत घुसतो, काही आत लपतो, काही बाहेर डोक्यांना चिकटतो, आणि दिंडीबरोबर अडकतो. साधा हिशोब बघा, आपल्या डिटर्जंटमधला एसडीएस घेतला तर त्याचा एक मॉलिक्यूल २८८ डाल्टनचा, असे साठ धरले तर १७,००० च्या वर. १०,००० च्या चाळणीत अडला.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगावर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून साबण पॉझिटिव्ह घ्यायचा, कॅटायनिक. डाइंगवाल्यांना हे एका वाक्यात कळेल, आपण रंगवून झाल्यावर डाय फिक्सर टाकतो तोच प्रकार, फक्त धाग्यावर नाही, पाण्यात. कंपनीनं सीपीसी दिलं, सेटिलपिरिडिनियम क्लोराइड, पांढरी पावडर. हे तेच जे माऊथवॉशमध्ये असतं. आमचे रंगमास्तर, चाळीस वर्षं या धंद्यात, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता गटारानं पण गुळण्या करायच्या का?" आणि ती हद्द, जिच्या पुढं दिंडी बनते, तिला सीएमसी (क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन) म्हणतात. मास्तर म्हणाले सीएमसी तर सायझिंगवाले खळीत टाकतात, ते कशाला इथं. ते सेल्युलोजचं, वेगळं सीएमसी मास्तर. अर्धा तास गेला त्यात.

ही काही कालची आयडिया नाही बरं का. अमेरिकेत ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत स्केमहॉर्न वगैरे मंडळींनी १९८० च्या दशकात हे सुरू केलं, १९८५ मध्ये त्यांचा पेपर आला, पाण्यात विरघळलेले ऑरगॅनिक काढायला. तेव्हा पण सीपीसीच वापरलं होतं. आपल्याकडं आयआयटी खरगपूरच्या लोकांनी ईओसिन रंगावर हेच सीपीसी घेऊन काम केलंय. म्हणजे मशीनवाला जेव्हा म्हणाला "आमची एकदम नवीन टेक्नॉलॉजी" तेव्हा मी हसलो, पण काही बोललो नाही.

मशीन टेम्पोतून आलं. फ्रेम, त्यावर दोन होलो फायबर (बारीक पोकळ नळ्यांच्या मेम्ब्रेनचे) मॉड्युल, पंप, समोर बॅग फिल्टर, ५०० लिटरची टाकी, डोसिंगची छोटी टाकी, दोन प्रेशर गेज, एक रोटामीटर (फ्लो दाखवणारा). बिल्ड एकदम चांगली, वेल्डिंग स्वच्छ, एकही जॉइंट गळला नाही आठ दिवसांत, हे मुद्दाम लिहितोय. बरोबर एक पोरगा आला होता इंजिनिअर, हुशार, पण पहिल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत. मॅन्युअल इंग्रजीत आणि तेही कुठल्या तरी दुसऱ्या मशीनचं, फोटोत तीन मॉड्युल होते.

पहिल्या दिवशी मी हट्टानं आधी साबण न टाकता चालवायला लावलं. इंजिनिअर म्हणाला साहेब वेळ जाईल, मी म्हटलं जाऊ दे. नुसतं यूएफ, मरून पाणी आत, मरून पाणी बाहेर, जरा चकचकीत झालं इतकंच. मग सीपीसी टाकलं, लिटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास, अर्धा तास हलवून दिलं आणि पंप सुरू. पाइपातून आधी गुलाबी आलं, मग फिकट, मग एकदम नळाचं पाणी. खरं सांगतो, सगळे काम सोडून बघायला आले. मास्तरांनी काचेचा ग्लास उन्हात धरला, फिरवला, काही बोलले नाहीत, आणि मास्तर काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना आवडलं. रंगासाठी पाचपैकी पाच, यात काही वाद नाही. फेरस-चुन्यानं इतकं स्वच्छ मी कधी बघितलं नाही.

मग मी तोच ग्लास बाटलीत ओतला आणि बाटली हलवली. फेस. चांगला बोटभर फेस, आणि पाच मिनिटं बसलाच नाही.

इथंच सगळी गोम आहे आणि ब्रोशरमध्ये यावर एक ओळ नाही. दिंडी अडते, पण दोन दिंड्यांच्या मध्ये सुटे वारकरी नेहमीच असतात, आणि ते दारातून निघून जातात. किती? साधारण सीएमसीइतके. तुम्ही साबण कितीही टाका, जास्तीचे सगळे दिंडीत जातात, सुटे तेवढेच राहतात. सीपीसीची सीएमसी साध्या पाण्यात लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. म्हणजे रंग काढला आणि प्रत्येक लिटरमागं ३०० मिलिग्रॅम साबण आपणच स्वतःच्या हातानं पाण्यात सोडला. त्याचा सीओडी कागदावर काढून बघा, एक ग्रॅम सीपीसी पूर्ण जळायला पावणेतीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे ३०० मिलिग्रॅमचे ८०० च्या वर झाले. लिमिट किती? २५०. प्रत्यक्ष टेस्टमध्ये सीपीसीतली पिरिडिनची रिंग पूर्ण जळत नाही म्हणून आकडा थोडा कमी येतो, पण ती पळवाट झाली, साबण तर पाण्यात आहेच. आमच्या लॅब रिपोर्टमध्ये रंग जवळजवळ शून्य आणि सीओडी अर्धाही उतरलेला नाही. इंजिनिअरला फोन केला तर म्हणाला, "सर, ते पुढं तुमच्या बायोलॉजिकलमध्ये जाईल ना." अरे बाबा, माऊथवॉशमध्ये ते कशासाठी घालतात? जंतू मारायला. आणि माझ्या एरेशन टँकमध्ये, जिथं हवा सोडून घाण खाऊन घेतात, तिथं काय आहे? जंतूच. शेणकाला घालून, गूळ घालून दोन महिने उठवलेले जंतू आहेत ते, त्यांना मी गुळण्या करायला लावू? एक थेंब सोडला नाही मी तिकडं. आणि माशांना पण हे कॅटायनिक प्रकार चांगलेच बाधतात, तेव्हा तसंच नाल्यात सोडायचा तर प्रश्नच नाही.

तिसऱ्या दिवशी जे झालं त्यात चूक आमची, पण अर्धी त्यांची. लिटरला साडेतीन ग्रॅम म्हणजे हजार लिटरला साडेतीन किलो पावडर, हे आमच्या घरच्यांना कळल्यावर डोळे पांढरे झाले आणि ठरलं की डोस कमी करून बघू. चौथाई केला. मला वाटलं रंग थोडा जास्त निसटेल, बाकी काय. झालं भलतंच. कॅटायनिक साबण आणि निगेटिव्ह रंग, दोघांचा चार्ज एकमेकांत मिटला की ते पाण्यात राहत नाहीत, चिकट साका, म्हणजे गाळ, होऊन बाहेर पडतात, जास्तीचा साबण असला तरच तो साका परत दिंडीत विरघळतो. आम्ही बरोबर मधल्या जागी येऊन थांबलो होतो. टाकीच्या कडेला काकवीसारखा जांभळा थर, आणि फायबरच्या आत काय झालं असेल ते प्रेशर गेजनं सांगितलं, इनलेटचा काटा वर आणि रोटामीटरचा गोळा खाली. कॉस्टिकनं दोनदा धुतलं, तासभर फिरवलं, पहिल्या दिवशीचा फ्लो परत आला नाही तो नाहीच. तसं या मेम्ब्रेनवर स्वतःचाच थोडा निगेटिव्ह चार्ज असतो त्यामुळं कॅटायनिक साबण त्याला चिकटणारच, थोडा फ्लो सगळीकडंच पडतो, पण आमचा पडला तो या साक्यानं. "डोस अमुकच्या खाली नेऊ नका" ही एक ओळ मॅन्युअलमध्ये असती तर वाचलो असतो. आता तेच मेम्ब्रेन दाखवून डिपॉझिटमधून पैसे कापायचं म्हणतायत.

अजून एक, जे मला स्वतःला दोन दिवसांनी कळलं. आमच्या कलेक्शन टाकीत फक्त रंग नसतो, सोपिंगचं (रंगवल्यावर साबणानं धुतलेलं) पाणी असतं, वेटिंग एजंट (सूत लवकर भिजवणारा) असतो, आणि हे बहुतेक निगेटिव्ह चार्जवाले, म्हणजे अ‍ॅनायनिक. कॅटायनिक टाकला की आधी हे त्याला खाऊन टाकतात, रंगाची पाळी नंतर. म्हणजे टाकलेल्यातला किती कामाला लागला देव जाणे. ज्याला करायचंय त्यानं सगळं पाणी एकत्र करून हे मशीन लावूच नये, पैसे पाण्यात, शब्दशः.

चौथ्या दिवशी थंडी. सोलापूरला थंडी म्हटलं की बाहेरचे लोक हसतात पण डिसेंबरात पहाटे आमच्याकडं पण हुडहुडी भरते, शेड उघडी आहे. कंपनीनं सीपीसीबरोबर सीटॅबचा (दुसरा एक कॅटायनिक साबण) पण एक डबा दिला होता, स्वस्त पडेल म्हणून. रात्री द्रावण करून ठेवलं आणि सकाळी कारबॉयच्या (मोठ्या कॅनच्या) तळाशी साखरेसारखे खडे. सीटॅब साधारण २५ डिग्रीच्या खाली विरघळून राहत नाही, त्याला क्राफ्ट टेंपरेचर म्हणतात, हे मी नंतर जुन्या पुस्तकात बघितलं. गरम पाण्याच्या पिंपात कारबॉय ठेवून परत विरघळवलं. मे महिन्यात ट्रायल घेतली असती तर हे कधी कळलंच नसतं, तेव्हा आमच्या शेडमध्ये सगळंच विरघळतं, माणसंसुद्धा.

पाचव्या दिवशी मात्र मजा आली आणि नंतर सजा पण. मी विचार केला, सगळं पाणी सोडा, फक्त डाय बाथ घेऊ. पहिलं पाणी, ज्यात रंग सगळ्यात जास्त आणि मीठ पण, लिटरला पन्नास-साठ ग्रॅम मीठ असतं आमच्या गडद शेडला. वेगळा पाइप टाकून ते एका पिंपात घेतलं, थंड होऊ दिलं कारण मॉड्युलवर ४० डिग्रीच्या वर पाणी घालू नका असं लिहिलेलं, आणि मग चालवलं. आणि काय सांगू, रंग गेलाच पण बाटली हलवली तर फेस पहिल्यापेक्षा कितीतरी कमी! कारण मीठ. मिठाच्या पाण्यात अशा चार्जवाल्या साबणाची सीएमसी कित्येक पटीनं खाली येते, डोक्यांची आपसातली भांडणं मीठ मिटवतं, म्हणून सगळे लवकर दिंडीत जातात, सुटे फार कमी राहतात. जे मीठ, जो टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आमच्या डोक्याला ताप, ज्याच्यापायी तिरुपूरची डाइंग युनिटं २०११ मध्ये मद्रास हायकोर्टानं बंद करायला लावली आणि पुढं झिरो डिस्चार्ज (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं) करावं लागलं, तेच मीठ इथं कामाला आलं. ही गोष्ट मला कंपनीनं सांगितली नाही, मी त्यांना सांगितली. मग त्यांनी ती लिहून घेतली!

आता डोकं चाललं, खाली आलेलं पाणी म्हणजे स्वच्छ मिठाचं पाणी, यूएफ काही मीठ अडवत नाही, मग हेच पुढच्या बाथला वापरलं तर मीठ पण वाचलं आणि पाणी पण वाचलं. आणि सोलापुरात पाणी वाचणं म्हणजे काय ते इथल्या बाईमाणसाला विचारा, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा पिंपं कशी भरावी लागतात. टँकरचा खर्च वेगळाच. मास्तर म्हणाले, "एक छोटा लॉट घालून बघू, पण फिकट नको, नेव्हीच घाला." मी म्हटलं चला. मोठा शहाणपणा केला. सूत बाहेर काढलं तर जागोजागी गडद ठिपके, बोट लावलं तर रंग हाताला. फेस कमी होता म्हणजे साबण नव्हता असं नाही ना, जो थोडा निसटला होता त्यानं नव्या रंगाला बाथमध्येच पकडलं आणि त्याचे कण धाग्यावर बसले. मास्तरांना हे आधी वाटलं असणार, म्हणूनच नेव्ही म्हणाले, नेव्हीचा लॉट बिघडला तर काळ्यात मारता येतो. मारला काळ्यात. तो तोटा छोटा होता, पण मास्तरांचं तोंड बघण्यासारखं होतं.

सहाव्या-सातव्या दिवशी आम्ही एका जुन्या ड्रममध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरून यूएफचं पाणी त्यातून सोडलं. साबण कार्बनला छान चिकटतो, फेस संपला, परत एक अगदी छोटा लॉट घातला, लडी दोन, आणि त्या बिनठिपक्याच्या निघाल्या. म्हणजे मार्ग आहे. पण मग कार्बन किती दिवस चालणार, तो संपल्यावर टाकायचा कुठं, हे सगळं माझ्या डोक्यावर, मशीनवाल्याच्या नाही. काही ठिकाणी कॅटायनिकबरोबर थोडा नॉनआयनिक (चार्ज नसलेला) साबण, ट्वीन किंवा ट्रायटनसारखा, मिसळतात, मिश्र दिंडीची सीएमसी खाली येते आणि निसटणं कमी होतं. आम्ही ते केलं नाही, दिवस संपले. लॅबवाल्या लोकांनी रिठ्याच्या सॅपोनिनवर पण हेच प्रयोग केलेत, माझ्या आजीला हे कळलं असतं तर म्हणाली असती मी पैठणी रिठ्यानं धुवायचे तेव्हा तुम्ही मला अडाणी म्हणायचात.

आणि आता ज्याबद्दल कोणीच बोलत नाही ते. अडलेलं पाणी. हजार लिटर घातले तर साधारण नऊशे लिटर स्वच्छ आणि शंभर लिटर काळं, दाट, फेसाळ, ज्यात सगळा रंग आणि जवळजवळ सगळा महागडा साबण. हे कुठं टाकायचं? ब्रोशरमध्ये "कॉन्सन्ट्रेट" म्हणून एक बाण आहे, तो कागदाच्या काठाशी संपतो. खरंच, बाणाला पुढं डबाच नाही! फेरस-चुन्याचा गाळ निदान पोत्यात भरता तरी येतो, हे तर पातळ. इव्हॅपोरेटर (पाणी उकळून आटवणारं मशीन) असला तर त्यात जाईल, पण साबणाचं पाणी उकळवलं की फेस वर येतो आणि इव्हॅपोरेटरवाला शिव्या घालतो. नाहीतर हॅझार्डस वेस्ट म्हणून रांजणगावच्या नाहीतर तळोज्याच्या डिस्पोझल साइटला पाठवा, पाणी टनाच्या भावानं. साबण परत मिळवायचा रस्ता कागदावर आहे, खरगपूरवाल्यांनीच पोटॅशियम आयोडाइडनं सीपीसी खाली बसवून मग कॉपर क्लोराइडनं सोडवून घेतलंय, पण आयोडाइड आम्हाला परवडायचं नाही आणि तांबं ईटीपीत आणलं तर अजून एक भानगड. आम्ही ते शंभर-शंभर लिटर करून साठवलं आणि शेवटी आमच्या जुन्या फेरस-चुन्यातच थोडं थोडं घालून संपवलं. म्हणजे ज्या गाळापासून सुटायला हे आणलं तोच गाळ करून बसलो, कमी झाला असेल पण झाला.

तर माझं मत. रंग काढायला हे मशीन नंबर एक आहे, यात शंका नाही. पण साबण परत कसा मिळवणार आणि निसटलेला कसा पकडणार हे ज्याच्याकडं नाही तो तुम्हाला अर्धंच मशीन विकतोय. सगळ्या पाण्यासाठी घेऊ नका. ज्याच्याकडं गडद शेडचा मिठाचा बाथ वेगळा काढायची सोय आहे, पुढं कार्बन लावायला जागा आहे आणि आधीच इव्हॅपोरेटर आहे, त्यानं ट्रायल घ्यावी, जरूर घ्यावी, थंडीत घ्यावी. बाकीच्यांनी आधी दुकानात बसूनच चार गोष्टी विचारा: खाली आलेल्या पाण्यात साबण किती, तो मोजला का (नुसता रंग मोजलेला रिपोर्ट दाखवला तर चहा पिऊन परत या), डोस कमीत कमी किती ठेवायचा, आणि तो बाण कुठं जातो.

सर्व्हिसबद्दल थोडं. फोन उचलतात, पण रविवारी नाही, आणि आमचं डाय हाऊस रविवारीच रिकामं असतं. इंजिनिअर पोरगा चांगला आहे, दुसऱ्या वेळी आला तेव्हा मी सांगितलेलं सगळं वहीत लिहून घेतलं, मास्तरांना नमस्कार केला, त्याला माझे पाच स्टार. ऑफिसमधल्या माणसाला एक. मशीन नेताना टेम्पोवाल्याचे पैसे आमच्याकडून मागितले, ते आधी ठरलं नव्हतं.

सीपीसीची पाच किलोची अर्धी भरलेली बरणी आमच्याकडंच राहिलीय. मास्तरांनी त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात "गुळण्या" लिहून ठेवलंय आणि खाली छोट्या अक्षरात "हात लावू नये". डिपॉझिटचं उत्तर आलं नाही अजून, आलं की इथंच खाली टाकतो.